चार शिट्ट्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह

घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी जी ऑटोमेशन सॉफ्टवेअर्स निघाली आहेत, त्यांच्या फीचर रिक्वेस्टच्या याद्या मी गेले चार-सहा वीकांत वाचत बसलोय. (लोक वेब सिरीज बघतात, मी हे वाचतो. आईच्या मते लग्न न जमण्याचं हेच कारण आहे.) वाचून वाचून डोकं फिरलंय, आणि इंजिनिअरचं डोकं फिरलं की तो ब्लॉग लिहितो, हे.वे.सां.न.ल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या याद्यांमधल्या दहातल्या नऊ मागण्या सॉफ्टवेअरवाल्याने सरळ नाकाराव्यात आणि त्याऐवजी वापरणाऱ्याच्या हातात एक धड स्क्रिप्टिंगची भाषा द्यावी. उरलेली दहावी मागणी, जी यादीत सहसा सापडतच नाही, ती मात्र कुणी मागायची वाट न बघता प्रोग्रामच्या पोटात घालावी. सध्या चाललंय बरोबर उलटं. नको त्या नऊ मागण्या हौसेने पुऱ्या होतात, आणि दहाव्या वेळी उत्तर येतं, "ते तुम्ही स्क्रिप्टमध्ये करू शकता की!" हे उत्तर देणाऱ्यांवर माझा राग आहे. त्यांच्याकडे येतोच.

आधी ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी. भरडलेलं माल्ट साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, याला मॅश म्हणतात. माल्टमधली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. बीटा अमायलेजला ६० ते ६५ च्या आसपास काम करायला आवडतं, अल्फा अमायलेजला ७० च्या जवळ. तुम्ही मधला कुठला आकडा धरता त्यावर बिअर कोरडी होणार की अंगाने जड, हे ठरतं. मग ते गोड पाणी, म्हणजे वर्ट, तासभर उकळायचं, ठरलेल्या मिनिटांना हॉप्स टाकायचे, थंड करायचं, यीस्ट घालायचं आणि पुढचे दोनेक आठवडे १८-२० अंशांना सांभाळत बसायचं. सगळा खेळ तापमानाचा आणि वेळेचा. इंजिनिअरला अजून काय पाहिजे राव!

अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेडरल कायद्याने हे घरी करायला परवानगी मिळाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये तयार झाली. मी डेन्व्हरजवळ राहतो, त्यामुळे मला प्रश्न नाही. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी मात्र हे वाचून लगेच पातेली काढू नयेत. तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, मग तिला क्राफ्ट म्हणा नाहीतर आणखी काही. असो.

आता याद्यांकडे. एकाला पहाटे पाच वाजता आपोआप पाणी तापायला लागलेलं हवंय. दुसऱ्याला हॉप्स टाकायची वेळ झाली की फोनवर मेसेज हवाय. तिसऱ्याला मेसेज नको, भोंगा हवा, पण रात्री नऊनंतर भोंगा नको कारण बाळ झोपतं. चौथ्याकडे दोन पंप आहेत. पाचव्याकडे तीन आहेत, पण त्यातला एक बिघडलेला. यातली एकही मागणी मूर्खपणाची नाही बरं का. बाळ झोपतं हे खरंच आहे. म्हणून तर सॉफ्टवेअरवाला बिचारा भिडेखातर एक-एक चेकबॉक्स वाढवत जातो. तीन वर्षांनी सेटिंग्जच्या पडद्यावर चौदा टॅब होतात आणि साधं तापमान बदलायचं कुठे हे शोधायला मॅन्युअल लागतं.

गणित करून बघा. वीस चेकबॉक्स म्हणजे दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ वेगवेगळी सॉफ्टवेअर्स. त्यातलं तुमचं जे आहे, ते तुमच्याआधी जगात कुणी चालवून बघितलेलं असेलच असं नाही. जेमी झाविन्स्कीने गमतीत म्हटलं होतं की प्रत्येक प्रोग्राम इमेल वाचता येईपर्यंत फुगत जातो. इथे तो बाळ झोपवेपर्यंत फुगतो.

आमच्या डेन्व्हरचंच उदाहरण घ्या. शहर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. "तापमान १०० झालं की उकळीचा टायमर सुरू कर" असं ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठोकून बसवलंय, ते इथे जन्मभर वाट बघत बसेल. मग रिक्वेस्ट येते, उकळीचा आकडा बदलायची सोय द्या. दिली. दुसरा म्हणतो, आकडा कशाला, गावाची उंची विचारा आणि तुम्हीच काढा. तिसरा म्हणतो, हवेचा दाब रोज बदलतो, बॅरोमीटर जोडू द्या. चौथा म्हणतो आकडा नकोच, हीटर चालू असूनही दोन मिनिटं तापमान हललं नाही की उकळी फुटली समजा. (हा चौथा माझा आवडता आहे.) चार माणसं, चार चेकबॉक्स, आणि चारही चेकबॉक्स मुंबईत समुद्रकाठी राहणाऱ्यालाही दिसणार. स्क्रिप्ट असेल तर प्रत्येकाच्या चार ओळी, ज्याच्या त्याच्या घरी. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हे दुखणं काही होमब्रूवाल्यांनी शोधलेलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलमध्ये, रिओच्या कॅथलिक विद्यापीठातल्या टेकग्राफ गटाने पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी दोन छोट्या भाषा केल्या होत्या, डेल आणि सोल. एक डेटा भरायचे फॉर्म सांगायला, दुसरी रिपोर्ट कसा दिसावा ते सांगायला. दोन्ही निव्वळ वर्णन करणाऱ्या. वापरणारी माणसं पट्टीचे प्रोग्रामर नव्हती. तरी थोड्याच दिवसांत मागण्या सुरू झाल्या, अट घालता आली पाहिजे, लूप पाहिजे. तेव्हा रोबेर्तो इरुझालिम्स्की, लुईझ हेन्रिक दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी एक-एक मागणी चिकटवत बसण्याऐवजी १९९३ मध्ये दोन्ही भाषा बाजूला ठेवल्या आणि एकच खरीखुरी भाषा लिहिली. सोल म्हणजे सूर्य, म्हणून हिचं नाव लुआ, म्हणजे चंद्र. आज ती वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये आहे, लाइटरूममध्ये आहे, रेडिसमध्ये आहे. त्याआधी १९८८ मध्ये बर्कलीत जॉन औस्टरहाउटने टीसीएल केली ती याच वैतागातून. प्रत्येक टूलची आपली-आपली मोडकी कमांड भाषा, त्यापेक्षा एकच नीट करू आणि सगळ्या टूल्समध्ये बसवू.

म्हणजे उत्तर तीस वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. लुआ फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे, इवल्याशा मायक्रोकंट्रोलरवरही बसते. पायथन तर काय, शाळेतली पोरं लिहितात. क्राफ्टबिअरपायवाल्यांनी पायथनमध्ये प्लगइन लिहायची सोय दिली, त्यामुळे निम्म्या रिक्वेस्ट लोक आपल्या आपणच भागवतात. पण नाही! पैसे घेऊन विकलं जाणारं एखादं सॉफ्टवेअर बघा, तिथे मालकाने स्वतःची भाषा पाडलेली असते. त्या भाषेत गोटू असतो, आणि बहुतेक वेळा गोटूच असतो. "जर" असतं, "नाहीतर" नसतं. फंक्शन नाही. सगळे व्हेरिएबल ग्लोबल. चूक झाली तर कुठल्या ओळीत झाली ते सांगत नाही, नुसतं रुसून थांबतं. मग याद्यांमध्ये दुसरी लाट येते, आता भाषेसाठीच्या रिक्वेस्टची. व्हाइल द्या. अ‍ॅरे द्या. हिशेबात कंस टाकता येऊ द्या. कंस! सातवीत शिकलेला कंस तिथे आवृत्ती ३.२ मध्ये येणार असतो आणि लोक त्याची वाट बघत असतात.

त्यातही त्या भाषांमधला सर्वांत घातक शब्द म्हणजे "थांब". ६७ अंशांवर जा, साठ मिनिटं थांब, मग पुढे जा. दिसायला किती सोपं! पण ती साठ मिनिटं मोजायची कधीपासून, हीटर लावल्यापासून की ६७ झाल्यापासून? मध्येच माल्ट ओतलं, तापमान पाच अंशांनी पडलं, तर घड्याळ थांबायला हवं की चालू राहायला हवं? आणि लाइट गेली तर? ज्याने कोलोरॅडोत किंवा कॅलिफोर्नियात बसून ही भाषा लिहिली त्याला हा प्रश्न सुचलाच नाही, कारण त्याच्याकडे लाइट जात नाही. मी भारनियमनात वाढलोय हो. दहावीचा अभ्यास वेळापत्रक बघून केलाय, शाळेचं नव्हे, महावितरणचं. त्यामुळे मला कुठलंही "थांब" दिसलं की पहिला प्रश्न हाच पडतो, की मशीन परत चालू झाल्यावर हा गडी कुठून सुरू करणार? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, पहिल्या ओळीपासून. म्हणजे चाळीस मिनिटं उकळून झालेल्या वर्टला तो पुन्हा थंड पाणी समजून मॅश करायला घेणार. आपण कुठल्या पायरीवर आहोत ही गोष्ट डिस्कवर लिहून ठेवणं हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं काम नव्हे, ते भाषा देणाऱ्याचं काम आहे.

आणि इथून मी त्या "स्क्रिप्टमध्ये करू शकता की" वाल्यांकडे वळतो.

माझ्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये असंच एक विकतचं सॉफ्टवेअर आहे. नाव घेत नाही. एकच मोठं पातेलं, तळाशी ५५०० वॅटचा एलिमेंट, आणि आपल्या सगळ्यांचा लाडका डीएस१८बी२० हा सेन्सर. मॅश लागून दहा मिनिटं झालेली. पंपाच्या हादऱ्याने सेन्सरचा प्लग सुटला. या सेन्सरची एक गंमत आहे. तो नुकताच चालू झाला असेल आणि मोजमाप व्हायच्या आधीच कुणी विचारलं तर तो ८५ अंश सांगतो. आणि तो सापडलाच नाही तर आर्ड्युइनोवरची नेहमीची लायब्ररी उणे १२७ सांगते. दोन्ही आकडे म्हणजे "मला माहीत नाही" असं म्हणायच्या पद्धती आहेत. पण सॉफ्टवेअरने तो आकडा जसाच्या तसा स्क्रिप्टच्या हातात ठेवला. स्क्रिप्टने बघितलं, हवेत ६७, आहेत उणे १२७, बापरे केवढी थंडी, आणि हीटर शंभर टक्के!

तीस लिटर पाण्याला ५५०० वॅट मिनिटाला साधारण अडीच अंशांनी चढवतात. (साधा हिशेब आहे, करून बघा. उष्णता बाहेर जाते ती सोडून दिली.) दहा मिनिटांनी मित्र फोन संपवून आला तोवर पातेलं नव्वदीला. एन्झाइम्स मेलेली, तळ करपलेला, टरफलांचा तुरटपणा उतरलेला. सगळं अंगणात ओतलं. बिअर गेली त्याचं एवढं काही नाही. पण तेच पातेलं रिकामं असतं तर? कोरड्या पातेल्यात ५५०० वॅटचा एलिमेंट लाल होतो, आणि गॅरेजमध्ये लाकूड, रंगाचे डबे आणि गाडी असते.

त्याने विक्रेत्याला लिहिलं, उणे १२७ आलं तर हीटर बंद करा अशी सोय प्रोग्राममध्येच घाला. उत्तर काय यावं? "ही तुमच्या स्क्रिप्टमधली त्रुटी आहे. वाचन योग्य मर्यादेत आहे का याची तपासणी स्क्रिप्टमध्ये जोडा. आमची भाषा त्यासाठी पुरेशी सक्षम आहे." सक्षम! त्याच महिन्यात त्यांनी डार्क थीम दिली.

आपल्याकडे कुकरच्या रेसिपीत "चार शिट्ट्या" असं लिहिलेलं असतं. कुणाच्या तीन होतात, कुणाच्या सहा. डाळ जुनी असते, पाणी जड असतं, कुकर लहान असतो. त्या शिट्ट्या म्हणजे स्क्रिप्ट, आणि त्या ज्याच्या त्याने ठरवाव्यात, कंपनीने त्यात पडू नये. पण झाकणावर तो छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो ना, तो आजवर कुठल्या रेसिपीत वाचलाय? शिट्टीचं भोक डाळीने बुजलं तर तो वितळून वाफ सोडतो, रेसिपी कुणाचीही असो. उद्या कुकर कंपनीने सांगितलं, "स्फोट होऊ नये अशी पायरी तुमच्या आमटीच्या कृतीत जोडा, मराठी भाषा त्यासाठी पुरेशी सक्षम आहे," तर आपल्या आया काय म्हणतील ते इथे लिहिता येणार नाही.

होमब्रूमध्येही व्हॉल्व्हच्या जागा ठरलेल्या आहेत आणि फार नाहीत. सेन्सरचं वाचन अशक्य कोटीतलं असेल तर हीटर बंद. पातेल्यात पाणी असल्याची खात्री नसेल तर एलिमेंट चालू होणार नाही. ३० अँपिअरच्या लाइनवर ५५०० वॅटचे दोन एलिमेंट एकदम लागणार नाहीत, कारण एकटाच २४० व्होल्टवर २३ अँपिअर खातो. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद झाल्यावर काही मिनिटं परत सुरू होणार नाही, नाहीतर तो लवकर मरतो. वरच्या कॉम्प्युटरचा आवाज बंद झाला तर खालचा कंट्रोलर सगळं बंद तरी करेल किंवा शेवटचं तापमान स्वतः सांभाळेल. बास. आणि हे सगळं हार्डवेअरच्या जवळ, खालच्या कंट्रोलरमध्ये, स्क्रिप्टचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

हे जमतं का? जमतं. नेदरलँड्सच्या एल्को जेकब्सने ब्रूपाय केलं तेव्हा तापमान सांभाळायचं काम आर्ड्युइनोत ठेवलं होतं. रास्पबेरी पाय फक्त आलेख काढायला आणि वेबपेज दाखवायला. पाय लटकला तरी खाली फर्मेंटेशन चालूच. कॉम्प्रेसरची विश्रांतीही तिथेच, आत. तुम्ही वर कितीही विद्वान स्क्रिप्ट लिहा, कॉम्प्रेसरला छळता येत नाही. हे कुणी रिक्वेस्ट टाकून मागितलं म्हणून झालं असेल असं मला वाटत नाही.

त्याच्याही पलीकडची एक गोष्ट सॉफ्टवेअरवाले सांगत नाहीत, ती मी सांगतो. हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले जळतो तेव्हा बहुतेकदा चालू अवस्थेतच चिकटतो. तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर घसा फोडून "बंद" म्हणालं तरी एलिमेंट तापतच राहतो. त्यासाठी मागे एक यांत्रिक कॉन्टॅक्टर लागतो आणि हाताने दाबायचं लाल बटण लागतं. पन्नासेक डॉलरचं काम आहे, आजच करा.

आता नेहमीचे दोन आक्षेप. पहिला, सामान्य माणसाला स्क्रिप्ट झेपत नाही, त्याला चेकबॉक्सच बरे. अहो, हा सामान्य माणूस माल्टचं तापमान धरून किती गरम पाणी ओतायचं याचं समीकरण सोडवतो, हॉप्सच्या कडूपणाचा हिशेब एक्सेलमध्ये करतो. इथला माझ्या ओळखीचा एक प्लंबर आहे, त्याने गोटूवाल्या भाषेत दोनशे ओळी लिहिल्यात. त्याला कंस मिळाले असते तर साठ ओळींत झालं असतं. लोकांना स्क्रिप्ट झेपते, तुमची भाषा झेपत नाही. ज्याला काहीच लिहायचं नाही तो दुसऱ्याची स्क्रिप्ट उचलेल आणि आकडे बदलेल, जसं आपण ऑफिसात करतो. (ह. घ्या.)

दुसरा आक्षेप जाणकारांचा. आत बंधनं घातलीत तर आमची अडचण होते, माझ्याकडे ५० अँपिअरची लाइन आहे, मला दोन्ही एलिमेंट एकदम लावायचेत. लावा की. बसवताना एकदा लाइनची मर्यादा ५० लिहा, कंट्रोलर त्यात राहील. पण ती मर्यादा बुधवारी रात्री अकरा वाजता लिहिलेल्या स्क्रिप्टला ओलांडता येऊ नये, एवढंच. "मला कळतं" हे म्हणणारा माणूस आणि ती स्क्रिप्ट लिहिणारा माणूस एकच असला, तरी त्या दोघांची झोप सारखी झालेली नसते.

शिवाय आता स्क्रिप्ट माणूस लिहितोच असं कुठे आहे? त्याच मित्राने परवा चॅटबॉटला सांगून नवीन स्क्रिप्ट लिहून घेतली. तीस सेकंदांत आली, देखणी, प्रत्येक ओळीला टिप्पणी, आणि "तापमान ६७ पेक्षा कमी असेल तर हीटर चालू" ही ओळ जशीच्या तशी. उणे १२७ चा उल्लेख नाही. अशा स्क्रिप्ट आता ढिगाने गॅरेजांमध्ये जाणार आहेत, आणि प्रत्येकीच्या खाली तोच ५५०० वॅटचा एलिमेंट असणार आहे.

मित्राने त्या विक्रेत्याकडे पुन्हा रिक्वेस्ट टाकली आहे, या वेळी मी शब्द घालून दिले. सेन्सरचं अवैध वाचन स्क्रिप्टला आकडा म्हणून देऊच नका, आणि तसं वाचन आलं की हीटर खालीच बंद करा. तिला आतापर्यंत दोन मतं पडली आहेत, एक त्याचं आणि एक त्या प्लंबरचं. पहिल्या नंबरवर सध्या आयकॉनचा रंग बदलायची सोय आहे.